चार बोटं वर राहिलेला गज

दुरुस्तीला आलेली प्रत्येक बंदूक आमच्या दुकानात एक शब्द घेऊन येते: रिकामी. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच माणूस तो उच्चारतो. आम्ही विचारण्याची वाटही पाहत नाही. तीन वर्षांत मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानांना नमस्कारासारखा वाटतो. पहिल्या दिवशी मला जी एकमेव सूचना मिळाली होती, ती या शब्दाविषयीच होती. "ऐकायचा," काका म्हणाले होते, "मान हलवायची, आणि गज घ्यायचा."

काका म्हणजे दुकानाचे मालक, खोपोलीतले जुने बंदूक-कारागीर. नात्याने ते माझे कोणी नाहीत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी जवळच्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाची कठीणता मोजत असे. नमुना यंत्राखाली ठेवायचा, आकडा वाचायचा, तक्त्यात भरायचा. खाली सही दुसऱ्याची. कामात खोट काढावी असे काही नव्हते, आणि पुढे जावे असेही काही नव्हते. एकदा कारखान्याच्या पहारेकऱ्याची दुनळी बंदूक बिघडली. घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचवणारी तिची सुई तुटली होती. वरिष्ठांनी तो तुकडा माझ्याकडे पाठवला. पोलाद प्रमाणाबाहेर कडक केले गेले होते, म्हणून ठिसूळ झाले होते. मी तसा अहवाल लिहिला आणि उत्साहाच्या भरात स्वतःच दुकानात नेऊन दिला.

काकांनी कागद हातात घेतला, वाचला नाही. तुकडा ऐरणीवर टाकला, आवाज ऐकला.

"काच झालीय हिची," ते म्हणाले. "तुझ्या यंत्राला किती वेळ लागला गं?"

"अर्धा दिवस."

"बरंय यंत्राचं. बसून पगार खातं."

मला राग यायला हवा होता. प्रत्यक्षात मी तिथेच उभी राहून आडाखे बांधू लागले. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत परवाना असलेला दुसरा कारागीर नव्हता. पिकांच्या राखणीसाठी बंदुका बाळगणारे शेतकरी होते, बँकांचे आणि कारखान्यांचे पहारेकरी होते, नेमबाजी शिकणाऱ्या शाळकरी मुली होत्या. काकांचे वय झाले होते. ही जागा काही वर्षांत रिकामी होणार हे गणित सोपे होते; फक्त ते मांडणारे कोणी नव्हते. पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला.

कर्जतला घरी आईने विचारले, "चांगली नोकरी सोडून आता रिकामी बसणार का?" वडिलांचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. "बंदुकीच्या दुकानात काम करते, हे स्थळं बघताना सांगायचं कसं?"

"शस्त्रविज्ञान म्हणा," मी म्हटले.

"आणि त्यांनी दुकान बघायचं म्हटलं तर?"

काकांशी ठरले ते असे: तीन वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम करायचे, तिसऱ्या वर्षाअखेर त्यांनी मला अनुभवाचा दाखला द्यायचा, तो जोडून मी अलिबागला, जिल्हाधिकारी कार्यालयात, स्वतःच्या नावाने दुरुस्तीचा परवाना मागायचा. मुदत मी नाही, त्यांच्या डोळ्यांनी ठरवली होती. काचबिंदूने डावा डोळा गेलेला, उजव्यात मधोमध थोडेसे दिसे. "आयुष्यभर नळीतून बघितलं," ते म्हणत, "आता देवानं कायमचीच नळी लावून दिली." त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख याच हिवाळ्यात येत होती. या वेळी तो परत करायचा आणि लोधिवलीला लेकीकडे जाऊन पडायचे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. परवाना गेला की दुकान बंद, आणि बंद दुकानाच्या मालकाच्या दाखल्याला अलिबागला कोण विचारणार? म्हणजे त्या तारखेच्या आत सही व्हायलाच हवी होती. दाखल्याचा मसुदा मी दिवाळीतच टाइप करून ठेवला.

आणि नेमक्या त्याच काळात निवडणूक आली.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षी आचारसंहिता दसऱ्याच्या पाठोपाठ लागली. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, नांगर, पाटा, मोटारसायकल आणि बंदूक यांची पूजा एकाच पाटावर होते. एरवी लोक दोन दिवसांनी बंदूक पुसून तेल लावतात. या वेळी पुसण्याआधीच नोटीस आली आणि बंदुका हळदीकुंकवासकट ठाण्याच्या कोठीत गेल्या. निकाल लागून त्या परत मिळाल्या तेव्हा कुंकवाच्या प्रत्येक बोटाखाली, त्याच आकाराचा, त्याच जागी, गंज चढला होता. कुंकू ओल धरून ठेवते. नळीवर पाच ठिपके असतील तर पाच खड्डे.

मग रांग लागली. रोज सकाळी मी बाकावर बसे आणि गंजाचे ठिपके मोजून वहीत लिही. नोंदी ठेवणे ही माझी सवय आहे: बंदुकीचा प्रकार, गाव, गंजाची खोली, गज किती आत गेला. तेल, पितळी घासणी, चिंधी, पुन्हा तेल. संध्याकाळी कोपर उचलत नसे. आईने वाढलेल्या भाकरीला मशीनच्या तेलाचा वास येई, आणि तो माझ्याच बोटांचा आहे हे लक्षात यायला तिसरा घास लागे. मी जे शिकले होते त्यातले काहीही या कामाला लागत नव्हते. लागत होते ते मनगट. तरी मी वही भरत होते, कारण वही हीच काय ती माझी बाजू होती.

ठासणीच्या बंदुकीविषयी इथे थोडे सांगायला हवे. तिच्यात काडतूस नसते. दारू आणि छर्रे तोंडाकडून ओतून, वर बोळा कोंबून, लांब लोखंडी गजाने ठासतात. मागच्या बाजूला एका छोट्या नळकांडीवर तांब्याची टोपी बसवतात. घोडा तिच्यावर पडला की आत ठिणगी जाते. ही बंदूक उघडून आत पाहता येत नाही. ती भरलेली आहे का हे कळायला एकच साधन, तोच गज. तो नळीत सोडायचा, तोंडाशी अंगठ्याने खूण धरायची, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहायचा. रिकाम्या नळीत तो पार टोपीच्या जागेपर्यंत पोचतो. अलीकडेच थांबला, तर आत काहीतरी आहे.

त्या रांगेत आलेल्या पहिल्या ठासणीच्या बंदुकीत माझा गज तीन बोटं वर राहिला. मी दुकानातल्या सगळ्यांना रस्त्यापलीकडे काढले, नळी पाण्याने भरली आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू लावलेल्या गजाने आतला ऐवज ओढून काढला. निघाल्या त्या अक्षता. खोबरेल तेलात मुरलेल्या, कुंकवाने लाल झालेल्या, कित्येक दसऱ्यांच्या. त्या घरातली म्हातारी दरवर्षी बंदुकीच्या तोंडात चिमूटभर अक्षता टाकत असे. देवाच्या तोंडात साखर घालावी तशी. समोरचा चहावाला हसून लोळायचा बाकी होता. "मॅडम, भात झाला काय? वाढा की!" आठवडाभर मी त्या रस्त्यावर अक्षतावाली बाई होते. काका हसले नाहीत, पण त्यांनी माझी बाजूही घेतली नाही.

दुसऱ्या बंदुकीतही अक्षताच निघाल्या. मी वहीत लिहिले: डोंगराच्या कडेच्या गावांतून आलेल्या ठासणीच्या बंदुकांत पूजेच्या अक्षता साचण्याचा प्रकार आढळतो. वाक्य मला आवडले. ते शोधनिबंधातल्यासारखे होते.

तिसरी बंदूक ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाच्या एका गावातून आली. मालक सत्तरीचे शेतकरी, डोक्याला टॉवेल, काखेत गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. सोबत त्यांची बायको, जी पूर्ण वेळ आमच्या पंख्याकडे संशयाने पाहत होती.

"रिकामी हाय गं पोरी," ते म्हणाले. "चाप चालतोय, पन टोपी बसायची नळकांडी गंजून घट झालीय. निघतच नाय."

"पोलिसांकडे होती ना?"

"व्हती की. ह्यो बघ कागद." जमा-पावतीवर सुबक अक्षरात एकच शेरा होता: रिकामी.

"तिथं नुसती पडून राहिली," बायको म्हणाली. "घरात होती तवा निदान मी फडकं तरी मारायची."

"तू काय मारतीस फडकं! दसऱ्याला येकदा."

"येकदा तर येकदा. तुमी कधी मारलंत?"

मी गज सोडला. चार बोटं वर. मी वहीत चार लिहिले आणि पुढच्या रकान्यात, न थांबता, अक्षता. गाव डोंगरकडेचे, बंदूक ठासणीची, पूजा नुकतीच झालेली, पावती सरकारी. चार पुरावे एका बाजूला, आणि पाचवा पुरावा म्हणजे मागच्या वेळचा चहावाल्याचा चेहरा. तो मी अर्थातच वहीत लिहिला नाही.

जाम झालेले नळकांडे मोकळे करण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे बाहेरून उष्णता देणे. लोखंड थोडे फुगते, गंजाची पकड सुटते. अक्षता नंतर काढता येतील, असे मी ठरवले, आधी नळकांडे. बंदूक शिकंज्यात आवळली, गॅसटॉर्च घेतला आणि लायटर शोधू लागले. लायटर सापडत नव्हता. ती दोन मिनिटे आज मोजताना मला फार मोठी वाटतात.

"गज वाजला कसा?" काकांनी विचारले. ते दाराशेजारच्या खुर्चीत होते, पाठमोरे.

"चार बोटं वर राहिला. अक्षता असणार."

"किती राहिला ते नाय विचारलं. वाजला कसा?"

गज आत जाऊन थांबला तेव्हा मी अंगठ्याकडे पाहत होते. ऐकले नव्हते.

ते उठले, भिंतीला हात लावत आले, टॉर्च माझ्या हातातून काढून जमिनीवर ठेवला. बंदूक शिकंज्यातून सोडवून नळीचे तोंड दाराबाहेर, ओसाड आवाराकडे केले. गज आत सोडला, वीतभर उचलला आणि पुन्हा सोडला. मग मला करायला लावले. अक्षतांवर गज पडला की तेलकट, चिकट थांबतो, जागचा हलत नाही. हे दोनदा करूनही मला माहीत नव्हते, कारण दोन्ही वेळा मी ऐकलेच नव्हते. इथे तो किंचित वर उसळत होता. खाली काहीतरी लवचीक होते.

"बोळा," काका म्हणाले. "आणि बोळ्याखाली बोळ्याचं कारण."

आम्ही नळी पाण्याने भरली. दुसऱ्या दिवशी ती दोघं परत आली तेव्हा बाकावर वर्तमानपत्रावर मांडलेला ऐवज होता: काथ्याचा बोळा, मूठभर छर्रे, दुसरा बोळा, आणि भिजून काळा चिखल झालेली दारू. टॉर्च पेटला असता तर नळी ज्या दिशेला होती तिथे खुर्ची होती. खुर्चीत काका होते. हे वाक्य मी या आधी कुठेही लिहिलेले नाही.

माझा आवाज चढला. "आजोबा, रिकामी म्हणालात तुम्ही!"

म्हातारे खरोखर गोंधळले. "मग रिकामीच हाय की. टोपी कुठं हाय तिच्यावर?"

"आणि आतली दारू?"

"दारू ऱ्हाती गं आत. पावसातनं सगळं परत कोन भरत बसंल? टोपी लावली की भरली, काढली की रिकामी. माजा बा बी तसंच म्हनायचा."

"पोलिसांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं रिकामी हाय का. मी म्हनलं हाय. त्यांनी घोडा उचलून बघितला, टोपी नव्हती. त्यांनी लिवलं."

"भात पिकला व्हता, डुकरं येत व्हती, म्हनून भरल्याली," बायकोने पुढचे सांगितले. "मंग दसरा आला. पूजल्याली बंदूक कोजागिरीपातूर उडवीत नाय आमच्यात. त्याच्या आदीच नोटीस आली. आता देवाचं मोडायचं का सरकारचं?" आणि माझ्याकडे वळून, "तू शिकल्याली ना गं? इचारायचं व्हतंस, आत काय हाय म्हनून."

कोणी खोटे बोलले नव्हते. शेतकरी नाही, पोलीस नाही, पावती नाही. एकच शब्द तिघांनी आपापल्या अर्थाने, पूर्ण प्रामाणिकपणे वापरला होता. ज्या एका वस्तूला भाषा येत नव्हती, त्या गजाने चार बोटांनी खरे सांगितले होते, आणि त्याच्या मापापुढे मीच चुकीचा शब्द लिहिला होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ मुलाने हे केले असते तर मी त्याला मोजमाप आणि अनुमान यांतला फरक शिकवला असता, थोड्या तुच्छतेने.

ती दोघं गेल्यावर काकांनी विचारले, "तो दाखला टाइप केला होतास ना? आण."

मला वाटले होते ते विसरले असतील. नूतनीकरणाच्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

"वाच," ते म्हणाले. त्या नजरेने त्यांना आता वाचता येत नव्हते. हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. मी वाचू लागले. सदर व्यक्तीने माझ्या दुकानात तीन वर्षे काम केले असून, एकनळी, दुनळी व ठासणीच्या बंदुकांची दुरुस्ती ती स्वतंत्रपणे व सुरक्षितपणे करू शकते.

ते शेवटचे वाक्य दिवाळीत मी विचार करून घडवले होते. अर्जाचा सगळा भार त्या दोन क्रियाविशेषणांवर होता. ती वगळून वाचणे मला सहज शक्य होते. काका सही करून मोकळे झाले असते आणि कागदावर शब्द तसेच राहिले असते. मी हा पर्याय तपासला हे लपवण्यात अर्थ नाही. किती सेकंद, ते मोजले नाही. मग मी वाक्य जसे होते तसे वाचले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

बाहेर घाटाकडे जाणाऱ्या ट्रकने गिअर बदलला.

"तुला काय वाटतं?" काकांनी विचारले.

"स्वतंत्रपणे ठीक आहे," मी म्हणाले. "सुरक्षितपणे नाही. आज नाही."

"मग मी काय करू?"

"सही करू नका."

हे बोलल्यावर काहीतरी हलके झाल्यासारखे वाटते असे लोक सांगतात. मला फक्त खूप थकल्यासारखे वाटले. तीन वर्षे, सोडलेली नोकरी, मोडलेली दोन स्थळे, हे सगळे कोपरापासून खाली बोटांत उतरले होते आणि बोटे कागद धरून होती.

काका वैतागले. "म्हणजे आता मला अलिबागला जायला लागणार. तुझ्यापायी. लेकीनं खोली रंगवून ठेवलीय तिकडं, आणि मी परवाना वाढवायला परत फॉर्म भरायचे! वैद्यकीय दाखला कोण देणार मला? आं?"

"मी घेऊन जाते डॉक्टरकडे."

"तूच ने. तूच भर फॉर्म. माझं नाव नीट लिही, तुझ्या त्या वहीतल्यासारखं अंदाजानं नको."

डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल लिहिले ते खरे लिहिले. आम्ही एस.टी.ने पेणमार्गे अलिबागला गेलो. तिथल्या कारकुनाने ते दोनदा वाचले, काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबा, दिसत नाही आणि दुकान चालवणार? या कोण, मुलगी?"

"हाताखाली काम करते. शिकलेली आहे, एम.एस्सी.," काका म्हणाले. "डोळे हिचे. कान अजून व्हायचेत."

कारकुनाला ते विनोद वाटले आणि तो हसला. अर्ज त्याने ठेवून घेतला. निर्णय यायला वेळ लागेल, तोवर जुन्या परवान्यावर काम चालू ठेवा, असे तो म्हणाला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आले नाही. परतीच्या एस.टी.त काका झोपले. त्यांचे डोके माझ्या खांद्यावर आले आणि पेणपर्यंत मी खांदा हलवला नाही, कारण हलवायलाही त्राण नव्हते. लोधिवलीतली रंगवलेली खोली अजून रिकामी आहे. आईच्या अर्थाने मीही.

वहीत मी एक नवा रकाना आखला आहे. माप, आणि त्याच्या शेजारी आवाज. अनुमानाचा रकाना खोडलेला नाही. तो शेवटी सरकवला आहे. अक्षता हा शब्द त्या तिसऱ्या ओळीत तसाच ठेवला आहे, वर एक रेघ मारून, खालचे वाचता येईल अशी.

अलिबागहून आल्यावर दुसऱ्या सकाळी चौक गावाच्या बाजूचा एक माणूस बंदूक घेऊन आला. उंबऱ्यावर चपला काढता काढता म्हणाला, "रिकामी हाय."

"टोपी नाही, की आत काही नाही?" मी विचारले.

"आं?" तो थबकला. त्याने बंदुकीकडे असे पाहिले, जणू ती त्याच्या घरातली नव्हतीच. "ते... बघावं लागंल."

मी नळीचे तोंड आवाराकडे केले आणि गज सोडला. तळाशी लोखंडावर लोखंड खणकन वाजले. मागे दाराशेजारच्या खुर्चीत काका कानस घासत होते. त्यांचा हात थांबला नाही.